चाळिशीत फुटलेला अंकुर

१९११ साल उजाडले तेव्हा धुंडिराज गोविंद फाळके यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती आणि आपला म्हणून सांगावा असा एकही स्थिर व्यवसाय त्यांच्या हाती उरलेला नव्हता. चित्रकला शिकून झाली होती, छायाचित्रणाचे दुकान थाटून ते बंद करून झाले होते, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून झाले होते, जादूचे प्रयोग करून झाले होते, सरकारी नोकरी धरून सोडून झाली होती आणि ज्या छापखान्याने थोडेफार नाव मिळवून दिले, त्यातूनही भागीदाराशी मतभेद होऊन ते बाहेर पडले होते. पदरी पत्नी, मुलेबाळे आणि मुंबईसारख्या शहरातला खर्च. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अशाच माणसाकडे पाहून जन्माला आली असावी, असे त्या वेळी त्यांच्या आप्तेष्टांना वाटले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

पुढे हाच माणूस भारतीय चित्रपटाचा जनक ठरला. १९६९ साली त्यांच्या नावाने देशातील चित्रपट क्षेत्राचा सर्वोच्च सन्मान सुरू झाला, दादरच्या रस्त्याला आणि गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव देण्यात आले. २००९ साली परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने त्यांच्या खटाटोपाची हसरी बाजू नव्या पिढीसमोर आणली. या साऱ्यामुळे फाळके म्हणजे अढळ आत्मविश्वासाचा पुतळा, अशी एक प्रतिमा तयार झाली आहे. ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वीची चाळीस वर्षे चरित्रलेखनात बहुधा एका परिच्छेदात उरकली जातात. वास्तविक, या माणसाला स्वतःविषयी शंका घेण्याची जितकी कारणे होती, तितकी क्वचितच कोणा नवोदित कलावंताला असतील. ती कारणे त्याच चाळीस वर्षांत दडलेली आहेत.

एकामागून एक वाटा

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे जाणकार. घरात पौरोहित्याची, पोथ्यापुराणांची परंपरा. वडिलांना मुंबईत संस्कृत शिकवण्याची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आले. मुलाचा ओढा मात्र पोथीपेक्षा रंगांकडे. १८८५ साली त्याने जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. शास्त्रीबुवांच्या मुलाने कुंचला हाती धरणे, ही गोष्ट त्या काळात भूषणाची नव्हती हे लक्षात घेतले पाहिजे.

त्यानंतर थोरले बंधू शिवरामपंत यांच्यापाठोपाठ ते बडोद्यास गेले. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १८९० साली कलाभवन ही संस्था उभी राहिली. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे अभ्यासक. हस्तकौशल्य आणि विज्ञान यांची सांगड घातल्याखेरीज देशातील धंदे तगणार नाहीत, अशी त्यांची धारणा होती. फाळके येथे तैलचित्र शिकले, जलरंग शिकले, मूर्तिकाम आणि वास्तुरचनेचे आराखडे शिकले, आणि एक कॅमेरा घेऊन छायाचित्रणाच्या नादी लागले. गज्जरांनी त्यांना तीनरंगी ब्लॉक आणि फोटो-लिथोग्राफी शिकण्यासाठी रतलामला पाठविले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडून त्यांनी सुवर्णपदकही पटकावले.

सुरुवात अशी बहुढंगी होती. पण बहुढंगीपणाची एक किंमत असते. ज्याला एकच विद्या येते, त्याला पोटासाठी त्याच विद्येचे खोदकाम करीत राहावे लागते. ज्याला पाच येतात, त्याला पहिली अडली की दुसरी खुणावते. फाळके यांच्या पुढील दोन दशकांवर नजर टाकली, तर हा धोका स्पष्ट दिसतो.

गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. तेथे प्लेगच्या साथीने पहिली पत्नी आणि अपत्य दोघांनाही हिरावून नेले. बस्तान बसण्याआधीच घर उठले. बडोद्यास परतून पुन्हा स्टुडिओ काढला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे मरण ओढवते, अशी वदंता शहरात पसरली. गिऱ्हाईक येईना. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणे आले. त्या निमित्ताने रंगभूमीचा जवळून परिचय झाला. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखीचे धडे मिळाले आणि आपल्याच आडनावाची अक्षरे उलटसुलट करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने फाळके जादूचे जाहीर प्रयोग करू लागले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या करंदीकरांच्या घरची गिरिजा ही सरस्वतीबाई फाळके झाली. हे नाव पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

१९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. महिन्याच्या महिन्याला पगार, सरकारी शिक्का, समाजात मान. तीन वर्षांत फाळके यांनी ती सोडली. स्वदेशीच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता आणि त्यांना स्वतःचा कारखाना हवा होता. लोणावळ्याला त्यांनी ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ सुरू केले. रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचे काम मिळू लागले. पुढे छापखाना दादरला आला, भागीदार बदलले आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने त्याची कीर्ती झाली. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके जर्मनीला जाऊन आले. आता तरी गाडी रुळावर आली असे वाटत असतानाच भागीदारीत खटके उडू लागले आणि ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

नवा छापखाना काढण्यासाठी भांडवल पुरवायला काही धनिक तयार होते. फाळके यांनी ते स्वीकारले नाही. ज्या कामात त्यांचे कौशल्य सिद्ध झाले होते, तेच करायचे नाही असे त्यांनी ठरविले. बाहेरून पाहणाऱ्याला हा हेका वाटेल. आतून तो पराभवच होता.

पडद्यावरची जनावरे

या रिकाम्या दिवसांतच तो प्रसिद्ध प्रसंग घडला. गिरगावातील ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’ या तंबूवजा चित्रगृहात १९११ च्या ईस्टरच्या सुमारास (काही नोंदींत १९१० चा नाताळ दिला आहे) फाळके आपला मुलगा भालचंद्र याला घेऊन गेले. पडद्यावर हलणारी जनावरे पाहून मुलगा घरी धावत आला आणि आईला सांगू लागला. घरात कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्या घरालाच फाळके घेऊन गेले. सणाचा दिवस असल्याने त्या खेळात जनावरांऐवजी येशू ख्रिस्ताचे चरित्र दाखविले गेले.

ख्रिस्ताचे चरित्र पाहताना फाळके यांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या तरळू लागली, हे सर्वपरिचित आहे. त्यांनी स्वतः पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या लेखांत ते नमूद केले आहे. मात्र त्याच आठवणीतला दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. ते घरी परतले ते संकल्प घेऊन नव्हे. भारतीयांना आपली दैवते पडद्यावर कधी पाहता येतील का, हा प्रश्न घेऊन ते परतले आणि ती सारी रात्र त्यांनी त्या तळमळीत काढली. प्रेरणा आणि शंका त्या रात्री एकाच अंथरुणावर होत्या.

शंका तर रास्तच होती. चित्रपट कसा तयार होतो हे सांगू शकेल असा माणूस त्यांच्या माहितीत नव्हता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ च्या सुमारास हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले होते, इतरांनीही प्रसंगांची टिपणे घेतली होती. पण कथा रचून, पात्रे उभी करून, पाऊण-एक तास प्रेक्षकाला खिळवून ठेवणारे चित्र संपूर्णपणे येथील माणसांनी येथेच तयार करायचे, ही गोष्ट निराळी. त्यासाठी लागणारी फिल्म परदेशातून येई. यंत्रे परदेशातून येत. अनुभव तर कोठूनच येण्यासारखा नव्हता.

डोळ्यांनी दिलेला इशारा

पुढचे काही महिने म्हणजे एक विलक्षण तपश्चर्या आहे, आणि तिच्यात वेडाची छटा आहे हेही मान्य केले पाहिजे. मुंबईत जो जो चित्रपट येई तो फाळके पाहत. दिवसाला चार-पाच तास पडद्यासमोर. उरलेल्या वेळात छोटी खेळण्यातली यंत्रे, फिल्मचे तुकडे, मेणबत्ती आणि भिंग घेऊन घराच्या भिंतीवर प्रयोग. चित्रपटनिर्मितीवरील एक इंग्रजी पुस्तक मिळवून त्याचे पारायण. झोप जेमतेम तीन तास. घरातील चीजवस्तू एकेक करून विकली जाऊ लागली. मित्रमंडळींत कुजबुज सुरू झाली की फाळक्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

शरीराने इशारा दिला तो डोळ्यांच्या वाटे. अतिश्रमाने दृष्टी इतकी अधू झाली की काही काळ जवळजवळ दिसेनासे झाले. चित्रकार, छायाचित्रकार, आरेखक आणि मुद्रक म्हणून जगलेल्या माणसाची सारी पुंजी डोळे हीच होती. डॉक्टरांचे उपचार आणि तीन-चार निरनिराळे चष्मे यांच्या जोरावर ती दृष्टी परत आली. बरे झाल्यावर ते पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसले.

येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. या काळात फाळके यांनी कोणापुढे मोठमोठ्या घोषणा केल्याचे दिसत नाही. आपल्याला हे जमेल की नाही, याचा निकाल त्यांनी मनात लावत बसण्यापेक्षा टेबलावर लावायचे ठरविलेले दिसते. भिंग आणले, भिंतीवर चित्र उमटले का पाहिले. पुस्तक वाचले, त्यातले यंत्र कसे चालते हे हाताने करून पाहिले. रतलामच्या अंधाऱ्या खोलीत शिकलेली रसायने येथे उपयोगी पडत होती. कलाभवनात गज्जरांनी लावलेली प्रयोगाची सवय येथे कामाला आली.

लंडनचा पंधरवडा

पुस्तकी ज्ञानाची मर्यादा लवकरच ध्यानात आली. यंत्रे पाहिल्याशिवाय, काम चालताना पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हते. यशवंत नाडकर्णी आणि आबासाहेब चिटणीस यांच्या मदतीने फाळके यांनी आपल्या बारा हजार रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण टाकल्या आणि दहा हजार रुपये उभे केले. आपल्या पश्चात कुटुंबाला आधार व्हावा म्हणून माणूस विमा उतरवतो. तोच आधार त्यांनी डावावर लावला. सरस्वतीबाईंनी त्याला विरोध केला असता तर पुढचा इतिहास कदाचित लिहिला गेला नसता.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीने इंग्लंडला निघाले. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाची पाटी पाहून ते थेट कार्यालयात शिरले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात न पडण्याचाच सल्ला दिला. इंग्लंडमध्येच कित्येक जण बुडाले होते, शिवाय हिंदुस्थानच्या हवेत हे काम कसे निभावणार, अशी त्यांना काळजी वाटत होती. पण या परक्या माणसाची तयारी पाहून त्यांचे मत बदलले आणि त्यांनी फाळके यांची गाठ सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टन येथील आपल्या स्टुडिओचे सगळे विभाग त्यांना मोकळेपणाने दाखविले.

मुंबईतील शंकेखोरांपेक्षा कॅबोर्न यांचा नकार अधिक जड होता, कारण तो जाणकाराचा होता. त्यावर फाळके यांच्याजवळ युक्तिवाद नव्हता, प्रश्न होते. रसायनांविषयी, फिल्मच्या छिद्रांविषयी, प्रकाशाविषयी नेमके प्रश्न. गोध्रा, बडोदा, रतलाम, लोणावळा आणि दादर येथे वाया गेलेली वाटलेली वर्षे त्या प्रश्नांमागे उभी होती. कच्च्या माणसाला असे प्रश्न पडत नाहीत, हे कॅबोर्न आणि हेपवर्थ यांच्यासारख्यांनी ओळखले असावे.

पन्नास पौंडांना एक विल्यमसन कॅमेरा, फिल्मला कडेने छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून १ एप्रिल १९१२ रोजी फाळके परत आले. त्यांनी ‘फाळके फिल्म्स’ची स्थापना केली. दादरच्या मथुरा भवनातील राहते घर हेच कारखान्याचे ठिकाण झाले.

वाटाण्याचे एक मिनिट

यंत्रे आली, ज्ञान आले आणि पैसे संपले. कथाचित्राला भांडवल हवे होते आणि भांडवलदाराला पुरावा. मराठीत नकार देण्याला वाटाण्याच्या अक्षता लावणे म्हणतात. फाळके यांनी सावकारांचे मन वळविण्यासाठी वाटाणाच हाती घ्यावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि त्यासमोर कॅमेरा पक्का बसविला. महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. सगळे जोडून पडद्यावर दाखविले तेव्हा मिनिटभरात दाणा फुटून अंकुर वर येताना, त्याचे रोप होताना आणि वेल चढताना दिसली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही चित्रफीत ओळखली जाते. आज ती उपलब्ध नाही.

या एका मिनिटात काय काय तपासले गेले हे पाहिले, तर फाळके यांच्या पद्धतीचे मर्म कळते. कॅमेरा इतके दिवस एकाच जागी स्थिर ठेवता येतो का? रोजचा प्रकाश सारखा राखता येतो का? मुंबईच्या उष्ण हवेत फिल्म खराब न होता धुता येते का? छिद्रे नीट पडली आहेत का? घरच्या कोठडीत छापलेली प्रत पडद्यावर थरथरत तर नाही? यांपैकी एकही गोष्ट चुकली असती तरी नुकसान मूठभर वाटाण्यांचे आणि थोड्या फिल्मचे झाले असते. नट नव्हते, नेपथ्य नव्हते, पगार नव्हते. स्वतःवरचा अविश्वास त्यांनी असा छोट्या छोट्या प्रश्नांत फोडला आणि एकेका प्रश्नाचे उत्तर फिल्मवर उमटवून घेतले. हे सारे त्यांनी मुद्दाम योजले होते की गरजेपोटी घडले, याचा वाद घालण्यात अर्थ नाही. परिणाम एकच झाला. निवडक मंडळींना ही फीत दाखविल्यावर नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांच्यासारख्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखविली. सरस्वतीबाईंचे दागिने तारण गेले आणि कामाला सुरुवात झाली.

घरातला कारखाना

हरिश्चंद्राची कथा निवडण्यातही हिशेब होता. सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र गमावणारा हा राजा रंगभूमीमुळे घराघरांत ठाऊक होता. मूकपटात संवाद ऐकू येणार नव्हते, तेव्हा ज्याची गोष्ट प्रेक्षकाला आधीच पाठ आहे असाच नायक हवा.

नट मिळविणे ही मोठी अडचण ठरली. सिनेमात काम करतो म्हणणे लाजिरवाणे होते, म्हणून घरी सांगताना हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगा, अशी सूचना नटांना दिली जाई. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीसाठी स्त्री मिळेना. चरितार्थासाठी नाचगाणे करणाऱ्या स्त्रियांनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात महिना दहा रुपयांवर काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण पंधरा रुपयांवर तारामती व्हायला राजी झाला. रोहिदासाच्या भूमिकेत घरचाच भालचंद्र उभा राहिला.

तारामतीची भूमिका सरस्वतीबाईंनी करावी असे फाळके यांनी सुचवून पाहिले होते. त्यांनी नकार दिला आणि त्यामागचे कारण अगदी व्यवहारी होते. पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक, कपडे, झोपण्याची सोय हे सगळे त्यांच्यावरच होते. रात्री सगळे निजले की अंधारात फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम त्या करीत. दिवसा उन्हाचा झोत वळविण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. फिल्म धुण्याची रसायने मिसळायलाही त्या शिकल्या. चित्रपटाच्या तंत्रात हात घालणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव आता कुठे घेतले जाऊ लागले आहे. ते फार उशिरा घेतले जात आहे, असेच म्हणावे लागेल. फाळके यांच्या अनेक धंद्यांना उतरती कळा लागलेली त्यांनी जवळून पाहिली होती. तरीही या माणसाला यंदा जमेल असे त्यांना का वाटले असावे, याचा शोध चरित्रकारांनी फारसा घेतलेला नाही.

बाह्य चित्रणासाठी मंडळी वांगणीला गेली, तेव्हा हातात तलवारी आणि भाले घेतलेले हे लोक दरोडेखोर आहेत असे समजून गावकऱ्यांनी पोलिसांना वर्दी दिली. फाळके यांना कॅमेरा उघडून दाखवावा लागला. असे अडथळे पार करीत सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत तीन हजार सातशे फूट लांबीचा चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना तो दाखविण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात सर्वांसाठी खुला झाला. ठरलेला आठवडा संपला तरी गर्दी ओसरेना, तेव्हा मुक्काम वाढवावा लागला.

सगळीकडेच असे स्वागत झाले नाही. सुरतेत पहिल्या खेळाचे उत्पन्न अवघे तीन रुपये भरले. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायला मिळत असताना तीन आणे देऊन तासाभराचे मुके चित्र कोण पाहणार? त्यावर फाळके यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र केवळ तीन आण्यांत, असा तिचा रोख होता. तीन हजार सातशे फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही, पण प्रोफेसर केल्फाला एवढी हातचलाखी माफ असावी. खेळाला गर्दी होऊ लागली.

रविवर्म्यांच्या चित्रांसाठी केलेली फोटो-लिथोची कामगिरी पडद्यावरच्या देवादिकांच्या रूपात दिसत होती. नाटकाच्या रंगविलेल्या पडद्यांचा अनुभव राजवाड्याच्या भिंतींत दिसत होता. जादूचे प्रयोग पुढे ‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’मधील चमत्कारदृश्यांत उतरले. भाराभर चिंध्यांची गोधडी शिवली गेली होती. तिच्यातला कोणता तुकडा कोठे बसेल, हे चिंध्या गोळा होत असताना खुद्द शिवणाऱ्यालाही माहीत नव्हते.

काशीची वाट

पहिल्या यशाने शंका कायमची सरते, असे फाळके यांच्या बाबतीत झाले नाही. १९१३ साली ते नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांच्या रूपाने पडद्यावर स्त्रिया आल्या. १९१४ साली दुसऱ्यांदा लंडनला गेल्यावर तेथेच राहून चित्रपट काढण्याचे आलेले आमंत्रण त्यांनी नाकारले. महायुद्धाने पैशाचे मार्ग आटले, पुन्हा उसनवारी आली. १९१७ च्या ‘लंकादहन’ने अमाप पैसा दिला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. १९१८ साली भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि वर्ष-दीड वर्षात छापखान्याचाच प्रसंग पुन्हा उभा राहिला. खर्चावरून आणि कारभारावरून मतभेद झाले. फाळके बाहेर पडले आणि सहकुटुंब काशीला जाऊन राहिले.

काशीत त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहायला घेतले. संन्यस्त वृत्तीने राहणाऱ्या फाळके यांना ‘संदेश’चे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी पत्र पाठवून परतण्याची विनंती केली. चित्रपटापुरते आपण मेलो आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी धाडले. कोल्हटकरांनी ही बाब आपल्या पत्रातून वाचकांपुढे ठेवली. फाळके यांनी परत यावे म्हणून वाचकांची पत्रे आली आणि कोल्हटकरांनी ती काशीला पाठवून दिली. १९११ साली एकट्याने लढावे लागलेल्या माणसाला या वेळी त्याचा प्रेक्षक बोलावत होता. ‘रंगभूमी’ नाटक १९२२ साली रंगमंचावर आले आणि फारसे चालले नाही. फाळके नाशिकला परतले, त्याच कंपनीत रुजू झाले आणि पुढची काही वर्षे चित्रपट काढीत राहिले.

बोलपट आला तेव्हा ते साठीला टेकले होते. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि बदललेल्या काळामुळे त्याला मागाहून आवाज द्यावा लागला. १९३७ साली कोल्हापूरला काढलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना बरीचशी विसरली होती.

‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झाले आहेत. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या १९१७ सालच्या छोट्या चित्रफितीतले काही तुकडेही राहिले आहेत. त्यांत खुद्द फाळके दिसतात, नटांना सूचना देताना आणि हातात फिल्मची पट्टी धरून ती उजेडाकडे निरखून पाहताना.